पुडीतल्या गलांड्याचं माहेर

सकाळी फुलवाला दाराच्या कडीला देवाच्या फुलांची पुडी अडकवून जातो ना, ती एकदा निवांत उलगडून पाहा. झेंडू, तुळस, दूर्वा, आणि त्यांत एखादं लाल फूल, पाकळ्यांची टोकं पिवळी, कात्रीने कातरल्यासारखी. तोच गलांडा. आपल्याला तो अगदी इथलाच वाटतो. पण भगिनींनो, त्याचं माहेर आहे थेट अमेरिकेत!

टेक्सास, ओक्लाहोमा या राज्यांतल्या प्रेअरी म्हणजे गवताळ माळांवर तो रानोमाळ उगवतो. ना कुणी पेरत, ना पाणी घालत. वसंतात सारा माळ लाल-पिवळा होतो. तिथल्या आदिवासींच्या रंगीत घोंगड्याच जणू अंथरल्यात! म्हणून त्याला 'इंडियन ब्लँकेट' म्हणतात. (हे इंडियन म्हणजे आपण नव्हे बरं का!) ओक्लाहोमाने तर १९८६ साली त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. गॅलार्डिया हे शास्त्रीय नाव एका फ्रेंच न्यायाधीशावरून पडलं. आपण त्याचा सरळ गलांडा केला.

मी पहिल्यांदा लावला तेव्हा हौसेने निम्मी कुंडी शेणखताने भरली, दोन्ही वेळा पाणी घातलं. पानं ही मोठाली, फूल एक नाही! श्रावणात मूळ कुजून झाड आडवं झालं. सासूबाई म्हणाल्या, "लाड जरा कमीच करायचे होतेस."

खरंच होतं ते. माळावरच्या झाडाला माळासारखंच ठेवावं. दोन भाग मातीत एक भाग वाळू, खत मूठभर. कुंडीचं भोक मोकळं हवं. बी अगदी वरवर पेरा, खोल गाडू नका. दिवसभर ऊन द्या आणि वरची माती सुकल्यावरच पाणी. सावलीची गॅलरी असेल तर याच्या नादी लागू नका. पानांना लव असते, एखादीच्या हाताला खाज सुटते, तेव्हा जपून.

अडीच-तीन महिन्यांत फुलं येतात. सुकलेली खुडत राहा म्हणजे नवी येतील. दोन-तीन मात्र झाडावरच ठेवा. गलांडा सूर्यफुलाच्या कुळातला. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो बारीक फुलांचा घोसच असतो. पाकळ्या गळल्या की मागे गोल गोंडा उरतो. तो वाळला की हातावर चोळा, पुढचं बी तयार. पुडीतल्या ताज्या फुलातलं बी कच्चं असतं, ते पेरण्यात वेळ घालवू नका. मी घालवलाय!