विश्लेषण : काकड्यात घसा लवकर का बसतो? गाण्याआधी आवाज कसा ‘तापवायचा’?

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत विदर्भातल्या गावोगावी पहाटे काकडा चालतो. मंगरूळपीर परिसरात हेच दिवस सोयाबीन काढणीचे आणि मळणीचेही असतात. दिवसभर मळणीयंत्राची धूळ नाकातोंडात गेलेली माणसे पहाटे उठून थंड हवेत थेट वरच्या पट्टीत अभंग उचलतात. सुरुवातीचे चार-आठ दिवस निभावतात. मग कोणाचा आवाज चिरकतो, कोणाचा घसा बसतो आणि समाप्तीच्या दिवशी, जेव्हा सगळे गाव ऐकायला येते, तेव्हा मंडळातला सर्वांत चांगला गळाच गप्प असतो. दोष थंडीला किंवा दह्या-ताकाला दिला जातो. खरे कारण बऱ्याचदा वेगळे असते. गाण्याआधी आवाज तयार करायला दहा मिनिटेही दिलेली नसतात.

स्वरतंतू नेमके काय करतात?

गळ्यात स्वरयंत्र असते आणि त्यात दोन स्वरतंतू. नाव तंतू असले तरी त्या तारा नाहीत. त्या स्नायू आणि मऊ, ओलसर आवरणाच्या दोन लहान घड्या आहेत. मोठ्या पुरुषातही त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते, स्त्रियांमध्ये त्याहून कमी. फुप्फुसातून हवा वर आली की या घड्या एकमेकींवर आपटतात, पुन्हा उघडतात आणि त्यातून आवाज तयार होतो.

ही आपटाआपट किती होते? पेटीवर काळी एक ही पट्टी धरली, तर पुरुषाच्या आवाजातल्या मध्य षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात. तार षड्जाला हाच आकडा दुप्पट, म्हणजे सुमारे २७७ होतो. दहा सेकंद टीप धरून ठेवली की सुमारे पावणेतीन हजार टकरा झाल्या. वर चढताना स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात. हा ताण त्यांनी सहज घ्यावा यासाठी ते लवचीक आणि ओलसर असावे लागतात.

पहाटेच आवाज जड का लागतो?

रात्रभर स्वरतंतूंना फारसे काम नसते. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्यांचा घसा कोरडा पडतो. घशात कफ साचतो, आवरणाला किंचित सूज असते. म्हणून उठल्या उठल्या आवाज खाली आणि घोगरा येतो. बोलत राहिले की तो हळूहळू मोकळा होतो. काकड्यात मात्र हा वेळ मिळत नाही. उठणे, आंघोळ आणि देऊळ, की लगेच टाळ वाजू लागतात. त्यात मळणीच्या धुळीने आधीच घसा खवखवत असेल, तर खाकरणे वाढते. जोरात खाकरणे म्हणजेही स्वरतंतू एकमेकांवर घासणेच.

‘तापवणे’ म्हणजे काय होते?

शेतात किंवा मैदानात जोराचे काम करण्याआधी अंग मोकळे करतात, त्याच जातीची ही तयारी आहे. हळू आणि मधल्या सुरात आवाज काढल्याने स्वरयंत्राच्या स्नायूंना जाग येते, श्वास आणि सूर यांचा मेळ बसतो, जबडा आणि मान सैल होते. यंत्राने मोजमाप केलेल्या अभ्यासांत सर्व गायकांमध्ये सारखाच फरक दिसलेला नाही. पण सूर लावायला कमी जोर लागतो आणि वरचे स्वर सहज येतात, असा अनुभव गायक मोठ्या संख्येने सांगतात. तयारी न करता वरचा सूर लावला तर माणूस तो जोर देऊन गाठतो. पहाटेमागून पहाट हेच झाले की स्वरतंतू सुजतात. ही सवय वर्षानुवर्षे राहिली तर त्यांवर लहान गाठी येऊ शकतात. शिक्षक, फेरीवाले आणि गायक यांच्यात हा त्रास जास्त आढळतो.

परंपरेत ही सोय होती का?

होती, आणि गावाच्या भजनातच होती. वारकरी भजन टिपेला सुरू होत नाही. आधी ‘रामकृष्णहरी’चा संथ गजर, मग रूपाचे अभंग आणि त्यानंतर चाल चढत जाते. गजराची ती पाच-दहा मिनिटे देवाच्या नावाची असतातच, शिवाय गळा मोकळा करणारीही असतात. वेळ कमी म्हणून गजर दोन मिनिटांत आटोपला आणि पहिलाच अभंग वर उचलला, की ही सोय हातची जाते.

मंगरूळपीरच्या नावात पीर आहे. हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ते जोडले गेले. मंगरुळनाथ हे गावाचे दुसरे नाव नाथपरंपरेची आठवण ठेवते. उरुसांमध्ये रंगणाऱ्या कव्वालीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी पेटीची सुरावट, मग संथ आलाप, मग एकेक ओळ, आणि टाळ्यांचा वेग व तार सप्तक शेवटी. शास्त्रीय गायनात पहाटेच्या खरजाच्या रियाजाला महत्त्व आहे, तेथेही सुरुवात खालूनच होते. नाथाचे देऊळ असो की पिराचा दर्गा, गाणे खालून वर जाते.

जोर लावून गाणे हा दोष आहे, हेही आपल्याकडे जुनेच ज्ञान. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष सांगितले आहेत. ओरडून गाणे, कावळ्यासारखा कर्कश आवाज काढणे आणि गाताना मानेच्या-चेहऱ्याच्या शिरा फुगणे हे त्यांतलेच. समोरच्या गायकाच्या मानेच्या शिरा दिसत असतील, तर तो ताकद नको तिथे खर्च करत आहे.

दहा मिनिटांची तयारी कशी करावी?

पहिले मिनिट : कोमट पाण्याचे चार घोट घ्यावेत. खांदे गोल फिरवावेत, मान हळू डावी-उजवीकडे न्यावी, मोठी जांभई द्यावी. जांभईने जबडा आणि घसा सैल होतो.

दुसरे व तिसरे मिनिट : नाकाने पोटापर्यंत श्वास घ्यावा आणि ‘स्स्स’ असा आवाज करत सावकाश सोडावा. छाती वर उचलू नये.

चौथे ते सहावे मिनिट : तोंड मिटून सोयीच्या सुरात ‘म्’चा गुंजारव करावा. मग घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवत आवाज खालून वर आणि वरून खाली न्यावा. ओठ फुरफुरत नसतील तर साधा स्ट्रॉ घ्यावा. तो ग्लासातल्या पाण्यात दोन बोटे बुडवून त्यातून ‘ऊ’ काढावा. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. तोंडाशी वाट अरुंद झाल्याने आत हवेचा हलका दाब तयार होतो आणि स्वरतंतू कमी आपटत कंप पावतात. स्ट्रॉचा हा व्यायाम अमेरिकी आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी लोकप्रिय केला.

सातवे ते नववे मिनिट : पेटीवर नेहमीपेक्षा दोन-तीन पट्ट्या खाली ‘सा रे ग म प’ आणि परत ‘प म ग रे सा’ आकारात म्हणावे. प्रत्येक फेरीला एक पट्टी वर सरकावे. कुठेही घसा आवळला की तिथे थांबून खाली यावे.

शेवटचे मिनिट : जो अभंग म्हणायचा त्याचेच एक चरण शब्दांसह, हळू आणि खालच्या पट्टीत म्हणावे.

देवळात जागा किंवा वेळ नसेल, तर गुंजारव आणि ओठांची फुरफुर घरून निघताना वाटेतही करता येते.

पट्टी कोणाच्या सोयीची?

तयारी करूनही घसा बसत असेल तर पट्टी तपासावी. मंडळाची पट्टी बहुधा पेटीवाल्याच्या किंवा सर्वांत उंच आवाजाच्या माणसाच्या सोयीने ठरते. स्त्री-पुरुष एकत्र गातात तेव्हा एका बाजूची ओढाताण होतेच. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना याच काळात टिपेला गायला लावू नये.

दुसरा मुद्दा गोंगाटाचा. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. वीस टाळ आणि एक पखवाज यांच्या मध्ये उभ्या गायकाचे नेमके हेच होते. उपाय सोपा आहे. चाल म्हणणाऱ्याने चरण उचलताना टाळ हलके ठेवावेत आणि स्पीकर असेल तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा लावावा.

आले, खडीसाखर, खर्रा?

गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंना स्पर्श करत नाही, ती अन्ननलिकेतून जाते. खडीसाखर, ज्येष्ठमध किंवा आल्याच्या चहाने घशाला बरे वाटते, लाळ सुटते, एवढाच त्यांचा उपयोग. पाणीही शरीरात मुरून मगच स्वरतंतूंचे आवरण ओलसर ठेवते. म्हणून ते ऐनवेळी ढोसण्यापेक्षा आदल्या दिवसापासून थोडे थोडे प्यावे. मळणीच्या दिवसांत नाकातोंडाला ओला रुमाल आणि रात्री साध्या पाण्याची वाफ यांचा फायदा होतो.

बिडी-सिगारेटचा धूर मात्र थेट स्वरतंतूंवरून जातो. भजनाच्या मध्यंतरात मळला जाणारा खर्रा आवाज ‘मोकळा’ करत नाही. त्यातली तंबाखू तोंडाच्या कर्करोगाचे कारण आहे. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे हाही उपाय नाही, त्यानेही ताण पडतो. गप्प राहणे हीच खरी विश्रांती.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सर्दीने किंवा अति गाण्याने बसलेला घसा विश्रांतीनंतर बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी वाशीम किंवा अकोल्याला जाण्यात एक दिवस मोडला तरी चालेल. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा श्वास अडकणे यांपैकी काहीही दिसले तर तीन आठवडेही थांबू नये.

कीर्तनकाराचे, शिक्षकाचे, बाजारात माल विकणाऱ्याचे पोट आवाजावर चालते आणि यांतले बरेच जण पहाटे काकड्यालाही उभे असतात. त्यांच्यासाठी यातली पहिली पायरी फुकटची आहे. उद्या पहाटे गजर दोन मिनिटांत उरकू नये. तो पूर्वीसारखा संथ, खालच्या पट्टीत आणि पुरता दहा मिनिटे म्हणावा, मग पहिला अभंग उचलावा.