हॉर्निमन सर्कल ते ऑपेरा हाउस

चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून कामावर धावणाऱ्या मुंबईकराला फोर्ट म्हणजे बँका, ऑफिसं आणि झेरॉक्सची दुकानं. रविवारी सकाळी मात्र याच रस्त्यांवर पंधरा-वीस जणांचं टोळकं माना वर करून इमारती न्याहाळताना दिसतं. हे ‘हेरिटेज वॉक’वाले.

सुरुवात बहुधा हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथिड्रलपासून होते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या काळात, १६७६ साली, या चर्चचं काम सुरू झालं आणि असं रखडलं, की ते उघडायला १७१८चा नाताळ उजाडला. बांधकामं लटकण्याची परंपरा थेट कंपनी सरकारपासूनची आहे म्हणायची! किल्ल्याच्या तटातून या चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणजे चर्चगेट. तो १८६०च्या दशकात तटासकट पाडला गेला. शहरातले मैल मोजायचे ते या चर्चपासूनच; त्यासाठीचे काही मैलाचे दगड अजूनही फुटपाथवर सापडतात.

आत भिंतींवर संगमरवरी स्मारकांची दाटी आहे. त्यात १७९५ ते १८११ या काळात गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी जरूर थांबावं. त्यावर दोन लहान मुलं कोरलेली आहेत. बनारस आणि काठेवाडात नवजात मुलींना मारून टाकण्याची चाल बंद व्हावी म्हणून त्याने खटपट केली होती, तिची ही नोंद.

पुढे काळा घोडा. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५मध्ये इथून हलवला गेला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. सध्या जागेवर दिसणारा घोडा २०१७चा, आणि त्यावर स्वार नाही.

इथून चार पावलांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पायाभरणी १९०५ची, पण इमारत उभी राहिली तोवर पहिलं महायुद्ध पेटलं आणि तिथे जखमी सैनिकांसाठी इस्पितळ थाटलं गेलं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२मध्ये. वास्तुकार जॉर्ज विटेटने बाहेर पिवळसर दगड आणि बेसाल्ट वापरला, घुमटासाठी विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिलं. मधल्या दालनातल्या लाकडी कमानींकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्या विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणल्या. साहेबाच्या दगडी इमारतीत नाशिकच्या सुतारांचं काम असं ऐटीत उभं आहे.

समोरची ‘राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालया’ची इमारतही विटेटचीच. १९११चा हा सर कावसजी जहांगीर हॉल पूर्वी सभा-मैफलींचा होता. आतला ढाचा बदलून तिथे १९९६मध्ये चित्रं आली. वर घुमटाखालच्या दालनापर्यंत जिने चढत जावं लागतं, पण चढावं.

रंगभूमीसाठी मात्र गिरगावच्या बाजूला वळायला हवं. ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, तेव्हा बांधकाम पुरं व्हायचंच होतं. नावाला ऑपेरा, प्रत्यक्षात बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकरांचं गाणं या रंगमंचावर रंगलं, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. पुढे पडदा आला, सिनेमे लागले आणि १९९३मध्ये कुलूप. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली डागडुजी होऊन ते २०१६मध्ये पुन्हा उघडलं. सोनेरी नक्षी, बॉक्स, रंगवलेलं छत. सगळं झळाळतं आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. अशा फेऱ्यांची भाषा बहुधा इंग्रजी, आणि गोष्टीही गव्हर्नर-वास्तुकारांच्या. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६मध्ये ग्रँट रोडचं नाटकघर उभं राहिलं, १८५३मध्ये तिथे विष्णुदास भाव्यांनी खेळ केले. ती वास्तू आज नाही, म्हणून ती फेरीतही नाही. पाडलेल्या चर्चगेटची गोष्ट रंगवून सांगता येते, तर याच नाटकघराची का नाही?

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं. आणि ऑपेरा हाउस नीट पाहायचं, तर बाहेरून फोटो काढत बसण्यापेक्षा सरळ एखाद्या प्रयोगाचं तिकीट काढावं, शक्यतो बाल्कनीचं.