जुन्या संगणकाचा नवा कारभारी

माळ्यावर पडलेला जुना संगणक अनेकदा बिघडलेला नसतो. नवी कार्यप्रणाली त्याला पेलवत नाही, इतकंच. अशा यंत्रासाठी हौसेनं कार्यप्रणाली लिहायला बसलं, तर पहिला प्रश्न माझ्या मते एकच: यंत्र किती जुनं?

१९७८ चा ८०८६ हा प्रोसेसर घ्या. त्याला मेमरी दिसते फक्त एक मेगाबाइट. आयबीएम पीसीत त्यातली ६४० किलोबाइट प्रोग्रॅमना मिळे, बाकीची पडदा, बायॉस वगैरेंसाठी राखीव. शिवाय एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या जागेत शिरण्यापासून अडवणारी भिंतच त्यात नाही. एक घसरला की सारं यंत्र ठप्प!

१९८५ च्या ८०३८६ मध्ये ही भिंत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते याच प्रोसेसरसाठी. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या फ्रीडॉसनं मात्र दुसरी वाट धरली: एमएस-डॉसचे जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालले पाहिजेत. या प्रोग्रॅमना पडद्याच्या मेमरीत थेट लिहायची सवय. भिंत बांधली, तर तेच अडतात. म्हणून फ्रीडॉस भिंतीविना राहिलं.

मग बरोबर कोण? दोघंही. एखाद्या दुकानाचे वर्षानुवर्षांचे हिशेब जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकले असतील, तर ते उघडणं महत्त्वाचं. एकाच यंत्रावर अनेक कामं चालवायची, तर भिंत हवीच. म्हणून मी म्हणतो, आधी काम ठरवा, मग प्रणाली लिहा.