जिल्ह्याचा मृत्युदर कमी, म्हणजे जिल्हा निरोगी? आकडा पुढे पाठवण्याआधी हे वाचा

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. समजा, शिरूर कासार तालुक्यातला एक कोयता सांगलीकडच्या कारखान्याला गेलाय. फडात गड्याच्या छातीत कळ आली, मुकादमाने जवळच्या दवाखान्यात नेलं, पण रात्रीच तो गेला. त्याचं रेशनकार्ड शिरूरचं, मतदान शिरूरचं, सातबारा शिरूरचा. मग त्याचा मृत्यू कुठल्या जिल्ह्यात मोजला जाईल?

सांगली जिल्ह्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यात नियम असा की घटना जिथे घडली तिथल्या निबंधकाकडे नोंद करायची. चालत्या गाडीत कुणी गेलं, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे. अर्जात मयताच्या राहत्या गावाचा रकाना असतो, पण जिल्हावार म्हणून जे आकडे फिरतात ते बहुतेक वेळा नोंद झालेल्या जागेचे असतात. म्हणजे बीडच्या वहीत एक माणूस कमी मेला आणि सांगलीच्या वहीत एक जास्त.

‘अमुक जिल्ह्यात मृत्युदर सर्वात जास्त, तमुक जिल्हा सर्वात सुरक्षित’ असले मेसेज ग्रुपवर येतात तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात नसते. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे वेगळं बघावं लागतं.

दर काढतात कसा?

हिशोब सोपा आहे. वर्षभरात किती माणसं गेली, त्याला लोकसंख्येने भागायचं आणि हजाराने गुणायचं. गाव दोन हजारांचं असेल आणि वर्षात ११ मृत्यू झाले, तर दर साडेपाच. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली महाराष्ट्राचा दर हजारी ५.५ होता, देशाचा ६.

आता बीड जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. राज्याचाच दर धरला तरी वर्षाला साधारण १४ हजार मृत्यू व्हायला पाहिजेत. एखाद्या वर्षी नोंदी यापेक्षा फारच कमी दिसल्या, तर जिल्ह्यात कुणाला अमृत मिळालं असं होत नाही. काही नोंदी परजिल्ह्यात गेल्या असतील, काही झाल्याच नसतील.

याच्या उलट मोठ्या सरकारी दवाखान्यांच्या शहरात दर उगाच फुगलेला दिसतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केज, धारूर, परळीचे पेशंट तिथे जातात, लातूर-धाराशिवच्या शेजारच्या गावांतलेही जातात. तिथून पुढे पाठवलेला पेशंट संभाजीनगरच्या घाटीत पोचतो. वाचला तर घरी येतो, नाही वाचला तर नोंद त्या शहरात. अंबाजोगाई शहराचे मृत्यू मोजून त्याच शहराच्या लोकसंख्येने भागलं, तर तिथली हवाच खराब आहे असं वाटेल. गडचिरोली-नागपूरचंही तेच.

भागाकारात खालचा आकडाही बघावा लागतो. २०११ नंतर जनगणना झालेली नाही, पुढची २०२७ ची आहे. रोजगारामुळे वाढलेल्या जिल्ह्यात आजचे मृत्यू २०११ च्या लोकसंख्येने भागले तर दर जास्तच येणार. ठाणे जिल्हा २००१ ते २०११ या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढला होता. त्यात २०१४ ला पालघर वेगळा झाला, म्हणजे जुन्या ठाण्याची नव्या ठाण्याशी सरळ तुलनाच होत नाही.

म्हाताऱ्या गावाचा दर जास्तच असणार

दुसरी फसगत वयाची आहे, आणि ही मोठी आहे.

केरळ आणि बिहार बघा. २०२० च्या त्याच पाहणीत केरळचा मृत्युदर हजारी ७ आणि बिहारचा ५.४. नुसतं एवढंच वाचलं तर बिहार बरा. पण जन्मलेल्या हजार बाळांपैकी वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात ६ आणि बिहारात २७. मग केरळात एकूण मृत्यू जास्त का? कारण तिथे म्हातारी माणसं जास्त. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार केरळात साठीच्या वरची माणसं साडेसोळा टक्के, बिहारात पावणेआठच्या आसपास. ज्या घरात आजी-आजोबा ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगतात, त्या घरातून कधी ना कधी तिरडी निघणारच. ते काही आजारपणाचं लक्षण नाही.

आपल्याच राज्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग बघा. तरणी माणसं मुंबईला, गावात आईवडील. २००१ ते २०११ या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायची सोडून घटली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. अशा जिल्ह्याचा साधा मृत्युदर नंदुरबारपेक्षा जास्त दिसला तर त्यात नवल नाही. त्यावरून नंदुरबारचं आरोग्य चांगलं असं कुणी म्हणालं, तर धडगाव-अक्कलकुव्याची माणसं हसतील.

हे आकड्यात कसं होतं ते एका उदाहरणावर बघू. दोन गावं धरा, दोन्ही हजार वस्तीची. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

पहिल्या गावात साठीच्या वरची २०० माणसं, त्यातली वर्षात ७ गेली. बाकी ८०० पैकी २ गेली. एकूण ९.

दुसऱ्या गावात साठीच्या वरची ८०, त्यातली ४ गेली. बाकी ९२० पैकी ३ गेली. एकूण ७.

दर पहिल्या गावाचा ९, दुसऱ्याचा ७. दुसरं गाव बरं? आता वयवार बघा. पहिल्या गावात म्हाताऱ्यांचा दर हजारी ३५, दुसऱ्यात ५०. साठीच्या आतल्यांचा पहिल्यात अडीच, दुसऱ्यात सव्वातीन. म्हणजे दोन्ही वयांत दुसरं गाव वाईट, तरी एकूण दरात ते चांगलं दिसतं! दोन्ही गावांत १०० म्हातारी आणि ९०० बाकी अशी सारखीच माणसं धरून हिशोब केला, तर पहिल्याचा दर पावणेसहा येतो आणि दुसऱ्याचा जवळपास आठ. याला वयानुसार प्रमाणित दर म्हणतात. जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करायची तर याच दराने करावी. मेसेजमध्ये हा दर जवळजवळ कधीच नसतो.

वय आडवं येऊ नये म्हणून जाणकार मंडळी आधी बालमृत्यू बघतात. तान्ह्या बाळाचं वय सगळ्या जिल्ह्यांत सारखंच. तिथे फरक पडतो तो आईच्या खाण्याचा, रस्त्याचा, दवाखान्याच्या अंतराचा. महाराष्ट्रात २०११ ला हजारी २५ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, २०२० ला १६. ही खरी सुधारणा आहे, ती मान्य केली पाहिजे.

सरासरीच्या पोटात तालुका लपतो

पण १६ हा सगळ्या राज्याचा आकडा. अमरावती जिल्ह्याच्या सरासरीत अमरावती शहरही आलं आणि मेळघाटातले धारणी, चिखलदराही आले. शहरातलं बाळ आणि डोंगरातलं बाळ एकाच भागाकारात घातलं की मेळघाट दिसेनासा होतो. म्हणून जिल्ह्याच्या आकड्यावर थांबून चालत नाही, तालुक्याचा मागावा लागतो.

आणि इथेच पंचाईत आहे. नमुना नोंदणी पाहणी देशभरातल्या निवडक गावा-वस्त्यांतून होते, साधारण ८४ लाख लोकांची. तिच्यातून राज्याचा दर भरवशाचा निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्हावार पत्रक निघतं, लसीकरण, रक्तक्षय वगैरे सगळं त्यात असतं, पण बालमृत्यू दर नसतो, कारण एका जिल्ह्यातली घरं त्यासाठी पुरत नाहीत. मग तालुक्यासाठी उरतं काय? ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची नोंदवही, आणि आरोग्य उपकेंद्राचा रिपोर्ट. वही अर्धी तर आकडा अर्धा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी मोजण्याचंच काम केलं. गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपायचा. १९८८ ला त्या गावांत हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि २००३ पर्यंत आकडा ३० वर आला. या कामाचा निबंध १९९९ ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढे घरोघरी जाऊन बाळ तपासणाऱ्या आशाताईंचं काम याच वाटेने आलं. पहिल्या मोजणीत १२१ हा आकडा बघून कुणी म्हणालं असतं की दर वाढला! वाढला नव्हता, दिसायला लागला होता. एखाद्या तालुक्याचा दर अचानक चढला तर आधी हे विचारावं की माणसं जास्त मेली, की नोंदी नीट व्हायला लागल्या?

‘दर घटला’ म्हणजे कशाच्या मानाने?

गेल्या काही वर्षांचा कल बघताना करोना मध्ये येतो. देशाचा दर २०१९ ला ६ होता, २०२० लाही ६, २०२१ ला ७.५, मग २०२२ ला ६.८ आणि २०२३ ला ६.४. आता कुणी २०२१ धरून ‘मृत्युदरात मोठी घट’ अशी बातमी केली, तर ती खरी असून फसवी. ज्या वर्षी घरटी कुणी ना कुणी गेलं, त्या वर्षाशी तुलना केल्यावर कुठलंही वर्ष चांगलंच दिसणार. २०१९ शी लावून बघितलं तर दर अजून खाली आलेला नाही. देशात नोंद झालेले मृत्यू २०१९ ला ७६ लाख, २०२१ ला १ कोटी २ लाख, २०२२ ला साडेशयाऐंशी लाख होते.

लहान गावात तर कल बघायचाच असेल तर तीन-पाच वर्षं एकत्र करून बघावं. बाराशे वस्तीच्या गावात एका साली ६ गेले आणि पुढच्या साली १२, तर दर दुप्पट झाला असं कागदावर येतं. त्यात एखाद्या जीपचा अपघात असू शकतो, नाहीतर कडाक्याच्या थंडीत चार म्हातारी माणसं गेलेली असतात. अशा एका वर्षावरून गावात साथ आली म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही. पण पाच वर्षं सलग पन्नाशीच्या आतली माणसं जात असतील, तर मात्र गप्प बसू नये.

कशाने गेला, ते कुठे लिहिलंय?

२०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले फक्त साडेबावीस टक्के होते. बाकीच्यांचं कारण घरच्यांनी सांगितलं ते. घरी गेलेल्या माणसापुढे ‘म्हातारपण’, ‘ताप’, नाहीतर ‘अटॅक’. पासष्टीच्या बाईला म्हातारपण लिहिलं की तिची वाढलेली शुगर कायमची झाकली गेली. जिल्ह्यात किडनीचे पेशंट वाढलेत, विषबाधेने जाणारे वाढलेत, असं गावात सगळे बोलतात. वहीत ते नसेल तर तालुक्याला डायलिसिसचं मशीन मागताना दाखवायला कागद कुठला?

कुणाची नोंद राहते हेही बघण्यासारखं आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा दाखला घरचे लगेच काढतात, वारसाच्या फेरफाराला तो लागतो. कुटुंबलाभ योजनेचे २० हजार, अपघात झालेल्या शेतकऱ्याच्या घरचं दोन लाखांचं अनुदान, विधवेचं निवेतन, सगळीकडे दाखला लागतो. पण आठ दिवसांचं बाळ गेलं तर त्याच्या दाखल्याचं कुणाला काय काम? नावावर गुंठाही नसलेल्या सासूचं काय काम? ही माणसं वहीतून गळतात आणि नेमका त्यांचाच दर कमी दिसतो.

नोंद करायची ती २१ दिवसांत, तोवर पैसे लागत नाहीत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, दवाखान्यात झाला तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची. गावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. टोळीवर कुणी गेलं तर दाखला तिथल्याच ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून मिळतो. त्यामुळे परत निघण्याआधी तो मुकादमाकरवी काढून घ्यावा, नाहीतर एका कागदासाठी सांगलीच्या चकरा होतात. अर्ज भरताना राहत्या गावाच्या रकान्यात कोपीचा पत्ता टाकू नये. तिथे बीड जिल्ह्यातलं स्वतःचं गाव आणि तालुका लिहायचा.