आधी मैदान पाहा, मग पद्धत ठरवा

मुलांच्या फुटबॉल संघाने कसं खेळावं हे ठरवताना टीव्हीवरचा बार्सिलोना बाजूला ठेवावा. अमरावती-अकोल्याकडची जमीन काळी, कापसाची. सुब्रतो चषकाचे शालेय सामने बहुधा पावसाळ्यात येतात. तेव्हा १० मीटरचा पासही चिखलात मध्येच रुतून बसतो. गोलकीपरपासून छोटे पास जुळवत यायचा हट्ट तिथे गोल खायला लावतो. चेंडू जरा उचलून बाजूच्या रेषेकडे काढलेला बरा.

उन्हाळी शिबिरात तीच जमीन टणक, भेगाळलेली, आणि पारा ४५ अंशांकडे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून अमरावतीत आहे, त्यामुळे दमसासाचं कौतुक इथे जुनंच. पण उन्हात मैदानभर पाठलाग करायला लावणं हा निव्वळ अडाणीपणा. चेंडू गेला की ५ सेकंद तुटून पडा, नाही मिळाला तर मागे या, एवढं पुरे.

१२ वर्षांखालच्यांना सात-सात जणांचा खेळ द्यावा: गोलकीपर सोडून मागे दोन, मध्ये तीन, पुढे एक. जागा मात्र फिरत्या. सगळ्यात उंच पोराकडे लांब चेंडू मारत राहिलं की चषक मिळतात (पालकही खूश!), पण १५व्या वर्षी बाकीचेही तेवढेच वाढतात आणि याला चेंडू पायात थांबवताच येत नसतो.