घरचं मशीन शॉप: यंत्र सर्वांत शेवटी

जुनी येझदी, बुलेट किंवा प्रीमिअर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्या माणसाचं काम बहुतेक वेळा सुट्या भागांपाशी अडतं. भाग मिळत नाही, आणि मिळाला तर बसत नाही. मग घराच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये आपलाच एक लेथ असावा, असं वाटू लागतं. या इच्छेबरोबर काही पक्के समजही येतात. यंत्र जितकं वजनदार आणि महाग तितकं काम अचूक. थ्री फेज कनेक्शन नसेल तर नाद सोडावा. सेकंडहँड लेथ म्हणजे भंगार; किंवा नेमकं उलट, जुनं ते सोनं. समज वेगवेगळे दिसले तरी त्यांचं मूळ एकच आहे. अचूकता यंत्राच्या आत भरलेली असते आणि यंत्र विकत घेतलं की ती आपोआप घरी येते, असं आपण धरून चालतो. खरं तर ती मोजमापातून, जॉब कसा धरला त्यातून आणि हत्याराच्या धारेतून येते. म्हणून अशा शॉपसाठी काढलेल्या पैशाचा क्रम उलटा लावायला हवा: आधी मोजायची साधनं, मग हत्यारं आणि पकडी, आणि यंत्र शेवटी.

स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या रायफल कारखान्यात काम करणारे कार्ल एडवर्ड योहानसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले पहिले स्लिप गेज घरी घासून काढले, ते बायकोच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून. पुढे जगभरच्या कारखान्यांनी मापासाठी प्रमाण मानलेली ही वस्तू अशा बेताच्या साधनावर तयार झाली, कारण बनवणाऱ्याला किती घासलं हे मोजता येत होतं. आपल्याकडच्या कामाचं उदाहरण घेऊ. 6205 नंबरचं बेअरिंग बाहेरून 52 मिलिमीटरचं असतं. त्यासाठी अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये एच-7 मापाचं भोक करायचं असेल, तर मुभा मिळते फक्त 0.03 मिलिमीटरची. अॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन फुगतं. कापताना हाउसिंग 30 अंशांनी तापलं असेल आणि तसंच गरम असताना 52.00 माप घेतलं, तर निवल्यावर ते भोक जवळपास 0.036 मिलिमीटरने लहान भरेल. म्हणजे सगळी मुभा नुसत्या उष्णतेने खाल्ली, आणि वर थोडी उसनवारीही झाली. लेथ लाखाचा असो वा पाच लाखांचा, ही चूक तो पकडत नाही. डिजिटल व्हर्निअरही पकडत नाही. पडद्यावर 0.01 पर्यंत आकडा दिसतो, पण साध्या व्हर्निअरचं माप तितकं भरवशाचं नसतं, शिवाय आतलं माप घेताना त्याचे जबडे हमखास फसवतात. कामाच्या मापाचे मायक्रोमीटर, बोअर गेज, आणि मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज ही साधनं यंत्राच्या आधी घरात यावीत, असा माझा आग्रह आहे. जॉब निवेपर्यंत थांबायला मात्र पैसे लागत नाहीत.

दुसरा समज मजबुतीचा. हलका लेथ थरथरतो, ही तक्रार खरी आहे. पण तिचं खापर फोडण्याआधी टूल पोस्टकडे पाहावं. एका टोकाला धरलेल्या दांड्याचं वाकणं त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. टूल दुप्पट बाहेर काढलं की तेवढ्याच दाबाखाली ते आठपट वाकतं. बोअरिंग बारची जाडी निम्मी केली तर सोळापट. भारी लेथवर लांब, बारीक बार लावून केलेलं बोअरिंग लहान लेथवरच्या आखूड, जाड बारपुढे हरतं, ते या हिशेबामुळे. तसाच समज पाणसळीचा: लेथ अगदी समतळ बसवला नाही तर टेपर येतो. मोठ्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये लेथ असतात आणि समुद्र त्यांना क्षणभरही समतळ राहू देत नाही, तरी त्यांच्यावर कामं होतात. बाधतो तो बेडचा पीळ. चार पायांपैकी एक उंच राहिला की बेड किंचित पिळतो आणि चकपासून दूर जाताना व्यास बदलू लागतो. संवेदनशील लेव्हल हा पीळ शोधायचं सोयीचं साधन आहे, एवढंच. खरा निकाल जाडसर सळईच्या दोन टोकांना कॉलर कापून, दोन्हींचे व्यास ताडून लागतो. फरक आला तर पायाखाली शिम घालायचे आणि पुन्हा कापायचं.

सेकंडहँड यंत्रांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही आळशी आहेत. बंगळूरच्या एचएमटीचे किंवा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ नावाजलेले होते. पण त्यातला एखादा तीन पाळ्यांत वर्षानुवर्षं राबला असेल, तर नुसत्या नावावर तो चालणार नाही. आखूड जॉब जास्त होतात, त्यामुळे बेड झिजतो तो चकजवळ. कॅरेज चकजवळ असताना तिची पट्टी नेमकी आवळावी आणि टेलस्टॉककडे सरकवून पाहावं. वाटेत अडकली तर झीज किती ते हातालाच कळतं. क्रॉस स्लाइडच्या हँडलला थोडी ढिलाई असली म्हणून यंत्र बाद होत नाही. माप नेहमी एकाच दिशेने गाठलं की ती ढिलाई हिशेबातून जाते. गाड्यांच्या कामाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती आट्यांची. जुन्या बुलेटच्या कुळात इंचांचे ब्रिटिश आटे आहेत, नंतरच्या गाड्यांत मेट्रिक. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून इंची लीड स्क्रूवर नेमका मेट्रिक आटा काढायला 127 दातांचं गिअर लागतं. ते सोबत मिळतंय का हे विचारायचं राहून जातं, आणि यंत्राच्या रंगाची मात्र चौकशी होते.

विजेचा बाऊ सर्वांत जास्त होतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. पाणी तापवायचा 2000 वॅटचा गीझर जे घर रोज पेलतं, त्याला एक हॉर्सपॉवरची मोटर जड नाही. लहान थ्री फेज मोटरच्या वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर असतील आणि डेल्टा जोडणीत ती 230 व्होल्टची होत असेल, तर सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह लावून ती चालवता येते. वर वेग कमीजास्त करण्याची सोय मिळते आणि सुरुवातीचा झटका बसत नाही. हे काम अर्थात जाणत्या इलेक्ट्रिशियनचं. खरा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: काम चालू असताना वीज गेली, साधा स्विच तसाच चालू राहिला, तर वीज परतताच चक आपणहून फिरू लागतो. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर वीज गेली की तुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत जुळत नाही. लोडशेडिंगच्या मुलखात ही वस्तू आधी घ्यावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या भाराचा हिशेब धरून आखतात. अर्ध्या टनाचा लेथ गॅलरीच्या टोकाला ठेवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

‘पिलर ड्रिल आहे ना, त्याच्यावरच मिलिंग करू’ ही काटकसर महागात पडते. ड्रिलचा चक टेपरवर नुसत्या घर्षणाने धरलेला असतो, वरून बोल्टने खेचलेला नसतो. बाजूचा दाब आला की तो फिरता फिरता निसटतो. आणि सुरक्षेसाठी हातमोजे घालून लेथवर उभं राहणं हा सुरक्षेचाच बळी आहे. फिरता जॉब मोजा पकडतो आणि मागोमाग हात जातो. चष्मा हवा; मोजे, सैल बाह्या, गळ्यातला रुमाल आणि हातातलं कडं नको.

या सगळ्यावर एक खणखणीत आक्षेप येतो. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्याची भोसरी किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावातला लेथवाला बुश, स्पेसर घटकेत करून देतो, मग हा पसारा कशाला? पैसे वाचवायचे म्हणून असेल, तर आक्षेप बिनतोड आहे. हत्यारं, मायक्रोमीटर, चक आणि माल धरून घरच्या शॉपचा खर्च चार-दोन गाड्यांत भरून निघत नाही. पण लेथवाला आपण दिलेल्या मापावर काम करतो आणि ते माप चुकलेलं असलं तर भाग चुकीचाच पण देखणा येतो. जुन्या गाडीत शाफ्ट झिजलेला, हाउसिंग अंडाकृती झालेलं. तिथे नकाशातलं माप कामाचं नसतं, समोरच्या वस्तूचं लागतं. काढा, बसवून पाहा, दोन शतांश आणखी घ्या, हा क्रम पाच वेळा करावा लागला तर गावातला लेथवाला तिसऱ्यांदा तोंड वाकडं करील, आणि त्याचं चूक नाही. घरचं शॉप उपयोगी पडतं ते इथे. मात्र सिलिंडरचं रीबोअरिंग, होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंग त्या कामाच्या खास यंत्रांवरच करून घ्यावं. ती यंत्रं घरात आणणं परवडत नाही. स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग तर घरी बनवूच नयेत, कारण माप जुळलं तरी धातूचा कस आणि त्यावरची उष्णता-प्रक्रिया मायक्रोमीटरला दिसत नाही. गाडीच्या मूळ रचनेला हात घालायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं: उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. झिजलेल्या बुशच्या जागी त्याच मापाचा नवा बुश घालणं आणि गाडीची रचना बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या लेथवर पहिली मनसोक्त करावी, दुसरीसाठी आधी आरटीओची पायरी चढावी.