सेल्फ मारू नका!

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामच्या एका पंपावर डिझेल भरून निघाल्या आणि थोड्याच अंतरावर एकामागून एक बंद पडल्या. टाक्या खोलल्या तर डिझेलबरोबर पाणी निघालं. पंपाला सील लागलं, ताफ्यासाठी दुसऱ्या गाड्या आल्या. पावसाचं पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत उतरलं, असं कारण तेव्हा पुढे आलं.

पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघालेल्या पिकअपवाल्यासाठी दुसरी गाडी येत नसते. इगतपुरीच्या आसपास गाडी झटके द्यायला लागते, चढाला दम टाकते आणि बंद पडते. मग तो सेल्फ मारतो. नाही लागली की परत मारतो. क्लीनर खाली उतरून धक्का देतो. पहाटेच्या आत माल मार्केटला उतरला नाही तर भाव गेला, भाडं गेलं आणि हप्त्याची तारीख तर ठरलेलीच. त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण खराब डिझेलने इंजिनाचं जेवढं वाटोळं होतं, त्यातलं बरंचसं या घाईत होतं. डिझेलमध्ये पाणी येणं ड्रायव्हरच्या हातात नसतं, किल्ली मात्र असते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या बऱ्याच सोशिक होत्या. फिल्टर काढला, पाणी सांडलं, एअर काढली की निघाली गाडी. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल पुरवणारी पद्धत, आली आणि ते दिवस संपले. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं, डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि त्या बेताचं नाजूक यंत्रही गाड्यांत बसलं. रेलमधला दाब १६०० बारच्या वर जातो. इंजेक्टरच्या आतल्या सुईला हलायला दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. एवढ्या फटीत वेगळं ऑइल घालायची सोयच नाही. पंप आणि इंजेक्टर या दोघांचं वंगण म्हणजे डिझेलच. तिथे पाणी पोचलं की धातू धातूवर घासतो. इंजेक्टरच्या तापलेल्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ होते आणि टोकच तडकू शकतं. घासलेल्या पंपातून निघालेला चुरा रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जातो. इथवर गेलं तर एक पार्ट बदलून भागत नाही, सगळी लाइनच खोलावी लागते. एकेका इंजेक्टरची किंमत बहुतेक वेळा पाच आकडी, आणि असे चार.

पाणी येतं कुठून? दर वेळी कुणी लबाडीच केलेली असते असं नाही. पेट्रोल पंपाच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरतं. म्हणून टाकीत काठी टाकताना तिच्या टोकाला पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट लावून बघण्याची पद्धत आहे. गाडीची टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर धरतो आणि थेंब थेंब तळाला जमतो. शेतावर ड्रममध्ये साठवलेलं, कॅनने ओतलेलं डिझेल हा तिसरा रस्ता. शिवाय आता एक नवाच घोळ आहे. ज्या गाड्यांना युरियाचं द्रावण लागतं, त्यांत ते निळ्या झाकणाऐवजी डिझेलच्या तोंडात ओतलं जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणीच. ते सुकलं की त्याचे खडे होतात.

डिझेलमध्ये पाणी आहे का ते बघायला फिल्टरच्या तळाचा कॉक सैल करून निघालेलं डिझेल पारदर्शक बाटलीत धरावं आणि बाटली बॉनेटवर ठेवून जरा थांबावं. पाणी जड, डिझेल हलकं. थोड्या वेळात पिवळसर डिझेल वर आणि स्वच्छ पाणी खाली अशी सरळ रेघ दिसते. डिझेल दुधाळ, गढूळच राहिलं तर पाणी त्यात घुसळलं गेलंय असं समजायचं. आणि जुनी, बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर रेघेवर तपकिरी, तारेसारखी ओढली जाणारी बुळबुळीत साय तरंगताना दिसते. ती घाण म्हणजे जिवंत माल आहे. डिझेल खाऊन पाण्याच्या काठाने वाढणारे जिवाणू आणि बुरशी. नवा फिल्टर टाकूनही चार दिवसांत गाडी परत गुदमरते ती बहुधा यांच्यामुळे. अशा वेळी टाकी उतरवून आतून धुतल्याशिवाय सुटका नाही.

पाणी निदान दिसतं तरी. डिझेलमध्ये मिसळलेलं रॉकेल दिसत नाही आणि वंगणाच्या बाबतीत डिझेलहून कमी पडतं. या भेसळीमागे केवढा पैसा होता, ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ला पाहिलं. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. आज महामार्गाकडेला परवानगीशिवाय ‘बायोडिझेल’ म्हणून काहीबाही विकणारे आहेत. गुजरातेत आणि आपल्याकडेही अशा ठिकाणांवर छापे पडलेले आहेत. लिटरमागे वाचलेले रुपये इंजेक्टरच्या एका बिलात जातात, हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक नसतं असं नाही. पण भाड्याचे दर पाहिले की त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पंपावर मागितली तर घनता मोजून दाखवावी लागते. आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसला बदलायचा आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडायचा. घनमीटरला ३ किलोपर्यंत फरक चालतो. आता साधा हिशेब करा. डिझेलची घनता ८३० आणि रॉकेलची ८०० धरली, तर दहा टक्के रॉकेल मिसळल्यावर घनता बरोबर ३ने उतरते. म्हणजे एवढी भेसळ या चाचणीतून आरामात सुटू शकते. तरी चाचणी मागावी, पाणी किंवा पेट्रोल मिसळलं असेल तर ती उपयोगी पडते. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघण्याची चाचणी मात्र पेट्रोलची आहे, डिझेलला तिचा उपयोग नाही.

भरताना किंवा भरल्यावर लगेच शंका आली तर किल्ली नुसती ‘ऑन’सुद्धा करू नये; बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होऊन घाण पुढे ढकलतो. वाटेत मीटरवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला तर गाडी बाजूला घ्यावी. गॅरेजवाला फोनवर ओरडून सांगतो, “दादा, सेल्फ मारू नका, आणि धक्का तर अजिबात नको,” ते उगाच नाही. गिअरमध्ये टाकून धक्का दिला की इंजिनाबरोबर हाय प्रेशर पंपही फिरतो, म्हणजे परिणाम तोच. टोचन करून न्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये. माल दुसऱ्या गाडीत पलटी करायचा खर्च येतो, जिवावर येतं, पण पंप-नोझलच्या बिलापुढे तो काहीच नाही. गॅरेजमध्ये टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी, लाइन हवेने साफ करावी, फिल्टर नवाच टाकावा. जुना फिल्टर फेकू देऊ नये. तो कापून आतला कागद उन्हात धरावा. धातूची चकाकी दिसली तर चुरा सुटलाय, मग इंजेक्टर तपासल्याशिवाय गाडी चालू करण्यात अर्थ नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. भेसळीच्या इंधनाने झालेली मोडतोड कंपनीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड धरत नाहीत. वसुली व्हायची तर ती पंपाकडूनच, आणि पंपवाला पहिलं वाक्य म्हणणार, “आमच्याकडचं कशावरून?” म्हणून डिझेल भरल्याची पावती हवी, नसेल तर यूपीआयची नोंद. टाकीतून काढलेलं डिझेल दोन-तीन स्वच्छ बाटल्यांत बंद करून, तारीख-वेळ आणि गाडीचा नंबर टाकून गॅरेजवाल्याची सही घ्यावी. त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेली आणखी एखादी गाडी अडली असेल तर तिच्या ड्रायव्हरचा नंबर घ्यावा, बाटलीच्या जोडीला त्याचं म्हणणंही वजनदार ठरतं. तक्रार त्याच दिवशी पंपाच्या तक्रारवहीत, तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. उशीर झाला की पंपाच्या टाकीत नवा टँकर उतरतो आणि आधीचं डिझेल त्यात मिसळून जातं. प्रत्येक टँकरचा नमुना पंपावर काही दिवस जपलेला असतो, त्याची तपासणी करा असं तक्रारीत नाव घेऊन लिहावं.